मोतीला टेकडीवर नेताना

कुत्र्याला बरोबर घेऊन डोंगर चढणारा पहिला माणूस कोण, असे परीक्षेत कोणी विचारले तर मी बेधडक धर्मराजाचे नाव लिहीन. द्रौपदी पडली, चारी भाऊ एकामागून एक कोसळले, आणि हिमालयाच्या वाटेवर शेवटपर्यंत साथ राहिली ती एका कुत्र्याची. इंद्र रथ घेऊन आला तेव्हाही त्याला मागे टाकून स्वर्गात जायला धर्मराज तयार झाला नाही. ही कथा आमच्या आजोबांची अत्यंत आवडती. मात्र ते ती भक्तिभावाने सांगत नाहीत, माझ्याशी भांडण्यासाठी सांगतात. कथा संपली की माझ्या हातातल्या दोरीकडे पाहून विचारतात, "त्या कुत्र्याच्या गळ्यात दोरी होती का गं?"

माझे उत्तर ठरलेले आहे. "आजोबा, तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्मदेवता होती. आपला मोती हा नुसता मोती आहे."

हा वाद आमच्या घरात गेली दोन वर्षे चालू आहे. वरवर पाहता तो चार हात दोरीचा वाद. पण त्या दोरीच्या निमित्ताने मला टेकडीबद्दल, पाखरांबद्दल, आजोबांबद्दल आणि थोडेफार स्वतःच्या मतांबद्दलही विचार करावा लागला. वर्गात निबंधाला विषय मिळतात ते 'माझे आवडते पुस्तक' छापाचे. तेव्हा वार्षिकांकाच्या पानांवर जरा टेकडी चढावी, म्हणून हा खटाटोप.

मोती जातीने गावठी. आजोबा पुरंदर तालुक्यातले गाव सोडून आमच्याकडे पुण्याला कायमचे राहायला आले, ते एक ट्रंक, एक काठी आणि पिशवीतून डोके बाहेर काढलेले हे पिल्लू घेऊन. आईने ट्रंकेला जागा दिली, काठी दाराआड उभी केली आणि पिल्लाकडे पाहून कपाळाला हात लावला. (आता तो आईच्याच पायाशी झोपतो, ही गोष्ट वेगळी.) रंग तांबूस, छातीवर पांढरा ठिपका, एक कान सतत ताठ तर दुसरा सदैव विचारात पडल्यासारखा. वजन अठरा किलो. पण टेकडीच्या पहिल्या वळणावर तो दोरी ओढू लागला की ते दुप्पट भासते.

आजोबांचे म्हणणे असे : "बांधलेलं कुत्रं बिघडतं. एक तर भित्रं होतं, नाही तर चावरं." यात चूक काही नाही. दिवसभर साखळीला अडकवलेले कुत्रे कसे होते ते आमच्याच गल्लीत पाहायला मिळते. आजोबांच्या गावी कुत्र्याला काम होते. रात्री खळ्यावर पडायचे, दिवसा मेंढरांमागे हिंडायचे, परका माणूस शिवेवर आला की आधी वर्दी द्यायची. त्या कुत्र्याला शिवार माहीत होते आणि शिवाराला ते कुत्रे. दत्ताच्या पायाशी बसणारी, खंडोबाच्या मागे धावणारी कुत्री आपल्या चित्रांतून कायमची मोकळी आहेत, ती याच जगातून आलेली असावीत.

पण टेकडी म्हणजे आजोबांचे शिवार नव्हे, हा माझा मुद्दा. टेकडी म्हणजे आमची वेताळ टेकडी. समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर उंच, पुणे शहरातला सर्वांत उंच माथा. वर वेताळाचे देऊळ, एका अंगाला पाणी साठलेली जुनी दगडखाण, खाली चारी बाजूंनी शहर. पावसाळ्याआधी तिच्याकडे पाहिले तर काळा कातळ आणि वाळके गवत याशिवाय काही नाही असे वाटते. आमच्या वर्गातल्या एका मित्राने तिला 'ओसाड' म्हटले होते. ओसाड म्हणे! सकाळी सहा वाजता खाणीच्या बाजूने मोर ओरडतो, झुडपातून तित्तिर भांडल्यासारखे बोलतात, चंडोल उंच चढतो आणि गात गात खाली येतो. हे सगळे राहतात कुठे? उंच झाडावर नव्हे. मोराची लांडोर, तित्तिर, चंडोल, टिटवी, रातवा ही सारी मंडळी अंडी घालतात ती जमिनीवर. रातवा तर घरटे बांधण्याचीही तसदी घेत नाही. पाचोळ्यात नाही तर उघड्या जमिनीवर दोन अंडी ठेवतो आणि त्यांच्यावर मातीच्या रंगाचा होऊन बसतो. माणूस चार हातांवरून निघून जातो, त्याला पत्ता लागत नाही. कारण माणूस डोळ्यांनी चालतो. कुत्रा नाकाने चालतो. माणसापासून लपण्याची जी युक्ती पाखरांनी साधली आहे, ती मोतीच्या नाकापुढे फुकट जाते.

एप्रिल महिन्यात हे मी प्रत्यक्ष पाहिले. वाटेपासून वीस-पंचवीस पावलांवर खड्यांच्या उघड्या जागेत टिटवीने चार अंडी घातली होती. पिवळट, त्यांवर काळे डाग. शेजारच्या खड्यांतून ती वेगळी काढणे कठीण. मी ती पाहिली तीही टिटवी पुनःपुन्हा एकाच जागी येऊन बसते म्हणून, आणि तीही वाटेवरूनच. आठ दिवस रोज सकाळी लांबूनच ती जागा पाहून पुढे जायचे, असा माझा आणि मोतीचा क्रम झाला. ऊन चढले की टिटवी पोटाची पिसे पाण्यात भिजवून येते आणि त्या ओलाव्याने अंडी थंड ठेवते, हे मी वाचले होते. खाण जवळ असल्याने तिला ती सोय होती. एवढ्या उघड्यावर, एवढ्या उन्हात संसार मांडायचा म्हणजे किती हिशेबाचे काम!

नवव्या दिवशी एक गृहस्थ आपला मोठा, तुकतुकीत, विलायती जातीचा कुत्रा मोकळा सोडून आमच्या पुढे चालले होते. कुत्रा वास घेत आडवा गेला. पुढे पंधरा मिनिटे जे चालले त्याला त्या कुत्र्याच्या दृष्टीने खेळ म्हणावे लागेल. टिटवी त्याच्या डोक्यावरून झेपावत होती, पंख मोडल्याचे सोंग करीत होती, ओरडून ओरडून सारी टेकडी डोक्यावर घेत होती; आणि तो जीभ बाहेर काढून आनंदाने गोल धावत होता. मोतीही त्या दिशेने सगळे अंग टाकून ओढत होता. त्याचा मोठेपणा मला सांगायचा नाही. दोरी नसती तर त्यानेही तेच केले असते. मी त्या गृहस्थांना हाक मारली. ते वळले, हसले आणि म्हणाले, "घाबरू नका, तो काही करत नाही."

दुसऱ्या दिवशी तिथे तीन अंडी होती. तिसऱ्या दिवशी एकही नव्हते. ती कुत्र्यानेच खाल्ली असे मी म्हणणार नाही. कावळा असेल, मुंगूस असेल. पण पंधरा मिनिटे अंड्यांवरून पाखरू उठवले गेले आणि ती जागा सगळ्या टेकडीला ओरडून सांगितली गेली, एवढे खरे. 'टिटवी देखील समुद्र आटविते' ही म्हण आपण शाळेत वाक्यात उपयोग करून संपवतो. पंचतंत्रातल्या त्या टिटवीच्या मदतीला शेवटी गरुड आणि विष्णू आले होते. आमच्या टेकडीवरच्या टिटवीला कोणी आले नाही.

'तो काही करत नाही' हे वाक्य मी त्यानंतर फार बारकाईने ऐकू लागले. टेकडीवर ते रोज ऐकू येते, आणि म्हणणारा खोटे बोलत नसतो. त्याचा कुत्रा घरी खरोखरच काही करत नसेल. पण समोरच्याला ते ठाऊक नसते. एकदा आजोबा माझ्याबरोबर पहिल्या टप्प्यापर्यंत आले होते. अरुंद वाट, एका अंगाला उतार. वरून डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई उतरत होती. मोतीला पाहून ती जागच्या जागी थांबली. मोळीमुळे तिला मान वळवता येईना, मागे सरावे तर पाय घसरायची भीती. मी मोतीला वाटेखालच्या उताराच्या बाजूला घेतले, दोरी दोन वेढे आखडली आणि त्याला खाली बसवले. तरी ती हलली नाही. मग तिने विचारले, "धरलाय न्हवं?"

"धरलाय," मी म्हणाले.

तेव्हा ती पुढे झाली. जाताना आजोबांकडे पाहून म्हणाली, "मागं एकदा चावलंय बाबा. चौदा दिस कामाला जाता आलं न्हाई." आजोबा काही बोलले नाहीत. परत येताना सबंध वाट ते काठी टेकत गप्प चालले होते.

दोरी कशी धरावी हे सांगायला मी कोणी तज्ज्ञ नाही, पण दोन वर्षांत हात काही शिकले आहेत. बटण दाबताच वीस फूट सुटणारी हल्लीची दोरी डोंगरवाटेवर निरुपयोगी. ती झुडपात अडकते, आणि वळणापलीकडे कुत्रा काय करतो हे आपल्याला दिसत नाही. चार हातांची साधी दोरी चांगली. शेळ्या समोर आल्या तर थांबायचे. शेळ्यांनी आपल्यासाठी वाट सोडावी अशी अपेक्षा धरणे म्हणजे उर्मटपणा. धावणारा माणूस मागून आला की कुत्र्याला आणि त्या माणसाला एकमेकांपासून लांबच्या अंगाला ठेवायचे. लहान मूल 'हात लावू का' म्हणाले तर आधी मुलाच्या आईचा चेहरा पाहायचा, मग मोतीचा. एवढे केले की बहुतेक सकाळी विनातक्रार जातात.

येथवर माझी बाजू भक्कम होती आणि मी आजोबांपुढे जराशा तोऱ्यातच वावरत होते. मग एका संशोधनाची माहिती हाती आली. ऑस्ट्रेलियात सिडनी शहराच्या आसपासच्या रानवाटांवर केलेले हे काम २००७ साली प्रसिद्ध झाले. काही वाटांवरून माणसे कुत्रा घेऊन चालली, काहींवरून नुसती माणसे, काहींवरून कोणीच नाही. कुत्रा गेलेल्या वाटांवर पाखरांच्या जाती ३५ टक्क्यांनी आणि पाखरांची संख्या ४१ टक्क्यांनी कमी आढळली. नुसत्या माणसांमुळे होणारा परिणाम याच्या निम्म्याहूनही कमी होता. ज्या वाटांवर कुत्री नेहमीचीच, तिथेही पाखरे सरावलेली दिसली नाहीत. आणि खरी गोम पुढेच आहे : त्या सगळ्या कुत्र्यांच्या गळ्यात दोरी होती!

मी हे आजोबांना सांगायला नको होते असे आईचे मत. पण लपवून वाद जिंकण्यात मौज नाही. आजोबा हसले. "म्हणजे दोरी बांधूनही पाप लागतंच की. मग सोड ना."

उलट मला वाटते, दोरीपुढे आणखी काही करायला हवे असा त्याचा अर्थ. मार्चच्या मध्यापासून जुलै संपेपर्यंत, म्हणजे जमिनीवर अंडी-पिल्ले असण्याचा मुख्य काळ, मोतीला मी माथ्यावरच्या गवतात नेतच नाही. रुंद डांबरी रस्त्याने जातो आणि परततो. त्याला हे पसंत नाही. पायवाट फुटते त्या दगडापाशी रोज बसकण मारून तो माझ्याकडे पाहतो, ते पाहणे सोसवत नाही. इतर महिन्यांतही आम्ही मळलेल्या वाटेवरच राहतो, नवी पाऊलवाट पाडत नाही. काही टेकडीप्रेमी म्हणतात, कुत्र्यांना टेकडी कायमची बंद करा. मला ते पटत नाही. शहरात कुत्र्याने आणि माणसाने पाय मोकळे करायचे तरी कुठे? पण 'बंद करा' म्हणणाऱ्यांवर मी पूर्वीसारखी चिडतही नाही. त्यांच्यापैकी कुणी टिटवीचा तो आकांत ऐकला असेल.

दुसरा वाद घाणीचा. मी खिशात जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे ठेवते आणि मोतीने केलेले उचलून खाली आणते. आजोबांच्या लेखी हा शहरी चोचल्यांचा कळस. "गाईचं शेण पडतं त्याचं खत होतं, मग कुत्र्याचं काय वाईट?" प्रश्न बिनतोड वाटतो. पण गाय टेकडीचे गवत खाते आणि टेकडीलाच परत देते. मोती खातो ते घरचे दूध-भाकरी, अंडे आणि वडील गुपचूप देतात ती बिस्किटे; आणि ठेव ठेवतो ती टेकडीवर. म्हणजे रोज बाहेरून नवे खत येऊन पडते. बेल्जियममधील गेंट शहराजवळच्या राखीव निसर्गक्षेत्रांत शास्त्रज्ञांनी हा हिशेब केला आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध केला : दर हेक्टरी वर्षाला ११ किलो नायट्रोजन आणि ५ किलो फॉस्फरस, केवळ फिरायला आणलेल्या कुत्र्यांकडून. शेतकऱ्याला हे आकडे ऐकून आनंद होईल. पण कातळावरच्या वीतभर मातीत जी गवते आणि रानफुले उगवतात ती गरिबीला सरावलेली असतात. माती सुपीक झाली की धटिंगण तण माजते आणि त्यांना हुसकावते. विष्ठा उचलली तर फॉस्फरस जवळजवळ सगळा वाचतो. लघवीतून जाणाऱ्या नायट्रोजनला मात्र इलाज नाही. तेवढे मोतीचे वेताळाला देणे लागते. वर जंत आणि रोगजंतू यांचा प्रश्न आहेच.

रोगाची गोष्ट निघाली म्हणून सांगते. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह पाठोपाठ मेले. त्यांच्यापैकी काहींमध्ये 'कॅनाइन डिस्टेंपर'चा विषाणू सापडला, आणि ते निदान झाले आपल्या पुण्यातल्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत. हा कुत्र्यांमध्ये वावरणारा रोग. आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत १९९४ साली याच रोगाने सुमारे एक हजार सिंह, म्हणजे तिथले एकतृतीयांश, गेले होते. आपल्या टेकडीवर सिंह नाहीत; पण पुण्याबाहेरच्या माळांवर लांडगे, कोल्हे, खोकड आहेत, आणि तिथे फिरायला जाणारी कुत्रीही आहेत. डिस्टेंपरची आणि रेबीजची लस घरच्या कुत्र्याला वेळेवर टोचणे, एवढे तरी आपल्या हाती आहे. याच माळांवर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर होत असल्याचा जनुकीय पुरावाही २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. लांडग्यासारखे स्वाभिमानी जनावर आपल्याच रक्तात हळूहळू विरघळून नाहीसे व्हावे, ही कल्पनाच मला कशीशी वाटते.

आता गडांविषयी. आपल्या महाविद्यालयातील गिर्यारोहक मंडळींनी हा अनुभव नक्कीच घेतला असेल : आतकरवाडीतून सिंहगड चढा, गुंजवण्यातून राजगड चढा, पायथ्याचे एखादे कुत्रे आपण होऊन पुढे होते, वळणावर थांबून मागे पाहते, आणि माथ्यावर पिठले-भाकरीतला आपला वाटा हक्काने मागते. अशी वाटाडी कुत्री मला फार प्रिय आहेत. पण त्यांच्या बाबतीतही आपण बेफिकीर असतो. एका गडावरून दुसऱ्या गडावर दोन दिवसांची चाल असली की बिस्किटाच्या आशेने कुत्रे मैलोन् मैल येते. आपण एसटीत बसून घरी जातो. ते परक्या गावात, परक्या कुत्र्यांच्या तावडीत. शेवटचे बिस्कीट त्याच्याच गावच्या शिवेवर द्यावे आणि त्याला तिथून परत फिरवावे, हे बरे.

घरचे कुत्रे गडावर न्यायचे असेल तर आधी जागा पाहावी. भीमाशंकर, कळसूबाई-हरिश्चंद्रगड ही अभयारण्ये आहेत; तिथे पाळीव कुत्र्याला मज्जाव असतो आणि तो योग्यच आहे. इतर ठिकाणीही दिवेलागणीच्या आत खाली उतरावे. आत्ताच्या अहिल्यानगर, पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले भागात बिबट्याच्या आहाराचा अभ्यास झाला. २०१४ साली तो छापून आला, तेव्हा दिसले की बिबट्याच्या पोटात जाणाऱ्या एकूण मांसापैकी सुमारे ३९ टक्के कुत्र्यांचे होते. मोकळे सुटलेले कुत्रे झाडीत बिबट्याला हुंगून काढते आणि मग जीव घेऊन पळते ते थेट मालकाकडे. मागून कोण येत असेल, ते सांगायला नको.

उन्हाचेही तसेच. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा मुख्य पंखा. त्यातून एप्रिल-मे महिन्यांत कातळ तव्यासारखा तापतो आणि त्याच्या पायात वहाण नसते. आपल्या हाताचा पालथा पंजा पाच-सात सेकंद दगडावर ठेवून पाहावा. आपल्याला सोसत नसेल तर त्यालाही सोसत नाही. तो मात्र तक्रार न करता मागोमाग येत राहतो, हीच अडचण. पाणी त्याचे वेगळे न्यावे आणि गडावरच्या पिण्याच्या टाक्यात त्याला उतरू देऊ नये. ते पाणी गडकऱ्यांचे आणि पाहुण्यांचे आहे.

आणि कुसळे! दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते म्हणतात, पण मोतीच्या बोटांतले शोधायला मला आणि आजोबांना मिळून चार डोळे आणि एक भिंग लागते. ऑक्टोबर ते डिसेंबर टेकडीवर कुसळी गवत पिकते. तिचे बी भाल्यासारखे. एकदा केसांत शिरले की पुढेच सरकते, मागे येत नाही. बोटांच्या बेचक्यात आणि कानात ते फार वाईट. शिवाय पावसाळ्यात गोचिडी. त्या दिवसांत फिरून आल्यावर अर्धा तास आमचा व्हरांडा दवाखाना होतो : मी पाय धरते, आजोबा चिमटा चालवतात आणि मोती जगातला सर्वांत दुःखी प्राणी असल्यासारखा भिंतीकडे पाहतो. या अर्ध्या तासात आजोबा माझ्याशी कधी वाद घालत नाहीत.

एक प्रश्न मात्र माझ्याने सुटलेला नाही. टेकडीवर ज्यांना कोणीच दोरी बांधलेली नाही अशा भटक्या कुत्र्यांचे काय? दयाळू माणसे पिशव्या भरभरून पोळ्या आणि बिस्किटे वर नेऊन टाकतात. कुत्री तिथेच राहतात, टोळ्या करतात आणि उरलेल्या वेळी जे मिळेल त्याच्यामागे धावतात. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत भटक्या कुत्र्यांना खाऊ घालण्यासाठी जागा नेमून देण्याची तरतूद आहे. ती जागा टेकडीखाली वस्तीत असावी, लांडोरीच्या अंगणात नसावी, असे मी एका आजींना सांगून पाहिले. त्या म्हणाल्या, "तुझ्या कुत्र्याला घर आहे म्हणून तू बोलतेस." मला उत्तर सुचले नाही. नामदेव भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, ते ऐकत वाढलेला आपला समाज. त्याला भाकरी नेमकी कुठे ठेवावी याचे नियम कोणी समजावून सांगायचे?

या दिवाळीच्या सुट्टीत आजोबांनी एक दिवस ट्रंकेतून आजीचे विरलेले सुती लुगडे काढले. त्याच्या पट्ट्या फाडल्या, एक टोक खिडकीच्या गजाला अडकवले आणि पीळ घालायला बसले. गावी ते बैलांचे कासरे असेच वळत. मी विचारले तेव्हा म्हणाले, "तुझी ती नायलॉनची दोरी हाताला काचते. आणि मला रिकामं बसवत नाही." कासरा चांगला सहा हात लांब झाला. एवढा लांब कशाला, मी म्हणाले.

"वर गेलीस की हाताला गुंडाळ. डांबरी रस्त्यावर आलीस की दे सोडून. तेवढं तरी हिंडू दे त्याला."

मोतीने पहिल्याच संध्याकाळी कासऱ्याचे एक टोक चावून ठेवले. आजोबांनी ते कापले आणि तिथे गाठ मारून दिली.